पालखी कुत्र्याची, खांदा आमचा

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. गेल्या खेपेला आम्ही शेळीच्या विम्यावर बोललो, त्याआधी भातबियाण्यावर. आज बोलणार आहोत कुत्र्यावर. तेही आपल्या ओटीवर पडून असणाऱ्या गावठी कुत्र्यावर नाही, तर पांढऱ्याशुभ्र, लांब केसांच्या, मांडीवर मावेल एवढ्या छोट्या कुत्र्यावर. पॉमेरियन म्हणतात ना, त्यावर.

झालं काय, तर 2024 च्या श्रावणातली एका गटाची मासिक बैठक. बचत जमा झाली, हप्ते वसूल झाले आणि कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "मला बत्तीसशे रुपये पाहिजेत. कुत्र्याला गोचीड ताप झालाय." सगळ्या बायका गप्प झाल्या. मग एकच गलका उठला. कुणी म्हणालं, पोरांच्या फीसाठी पैसे पुरत नाहीत आणि कुत्र्याला कुठून देणार? कुणी म्हणालं, उद्या कुणी पोपटासाठी मागेल. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "शेळीच्या दवापाण्याला गट कर्ज देतो, मग ह्या जिवाला का नाय? तो काय माझ्या हौसेनं आलाय?"

त्यांच्या ह्या शेवटच्या वाक्यावर आम्ही थांबलो. खरंच, तो त्यांच्या हौसेनं आलेला नव्हता. मुंबईला असलेल्या मुलानं टाळेबंदीच्या वर्षी नातवंडांच्या हट्टापायी त्याला विकत घेतलं. पुढे शाळा उघडल्या, दोघं नवराबायको कामावर जाऊ लागले, चाळीतल्या बंद खोलीत तो दिवसभर भुंकायचा. मग एका गणपतीला चाकरमानी आले आणि जाताना त्याला आईकडे ठेवून गेले. "आई, तुला सोबत होईल," म्हणाले. सोबत झाली हे खरं. पण सोबतीचा खर्च किती आणि तो कोण भरतं, हे कुणी विचारलं नव्हतं. गटात आम्ही ते विचारायचं ठरवलं. आणि हिशेब मांडता मांडता आम्ही इतिहासात शिरलो, कारण हा प्रश्न आजचा नाही.

आधी आपल्या जुन्या घरांचं पाहू. आपल्याकडे कुत्रा कधी विकत आणला जात नसे. कुणाच्या तरी वाड्यात कुत्री व्यायची, त्यातलं एखादं पिल्लू पोरं उचलून आणायची. त्याचा खर्च म्हणजे सकाळची उरलेली भाकरी, भाताची खरड, मासे आणले तर त्यांची डोकी. त्याच्या बदल्यात तो राखण करायचा. डोंगरावरच्या धनगरवाड्यांवर तर कुत्र्याशिवाय म्हशी आणि शेरडं राखणं शक्य नव्हतं. बिबट्या आला तर पहिली हाक त्याची. म्हणजे कुत्रा घरातला कामकरीच होता. भाकरी घ्यायचा आणि काम द्यायचा. त्याचे केस आखूड, पावसात भिजला तर अंग झाडून मोकळा. त्याला विंचरायला कुणी लागत नव्हतं.

आपल्या देवाधर्मातही त्याला जागा आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. नामदेव महाराजांची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं पोळी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट फार गोड आहे. मुक्या जिवाच्या पोटाला दोन घास द्यावेत ही शिकवण आपल्या हाडात आहे आणि ती राहिलीच पाहिजे. आमचं म्हणणं पुढचं आहे.

आता घाट चढून पलीकडे जाऊ. पोलादपुराहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला आणि तिथून साताऱ्याला. साताऱ्याला छत्रपती शाहू महाराज होते, शिवाजी महाराजांचे नातू. 1749 साली ते वारले. त्यांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा शौक होता. त्यांच्या एका लाडक्या कुत्र्याची हकीकत ग्रँट डफ ह्या इंग्रजानं 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. वाघाच्या शिकारीत त्या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी खूश होऊन त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. सनद काढून! साताऱ्याकडे त्या कुत्र्याचं नाव खंड्या असं सांगतात आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात.

बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा बायकांनी कौतुकानं माना हलवल्या. जीव वाचवला, मान दिला, त्यात वावगं काय? पण आमच्यातल्या एक आजी पटकन म्हणाल्या, "पालखीत कुत्रा बसला, ते ऐकलं. पालखी उचलली कोणी?"

मैत्रिणींनो, हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. पालखी म्हटली की भोई आलेच. जहागीर म्हटली की ती कसणारी कुळं आली. खंड्याचं नाव राहिलं, महाराजांचं नाव राहिलं. त्या भोयांची नावं कुठल्या पानावर आहेत? कुत्र्याचा यात काहीच दोष नाही. त्यानं पालखी मागितली नव्हती. पण हौस एकाची, मान दुसऱ्याचा आणि भार तिसऱ्याच्या खांद्यावर, हा हिशेब तेव्हापासून चालत आला आहे.

लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांचा इतिहास काढला तर हीच गोष्ट पुन्हा दिसते. पॉमेरियन हे नाव पोमेरेनिया ह्या प्रदेशावरून पडलं. युरोपात बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर, आजच्या पोलंड आणि जर्मनीत हा भाग येतो. तिकडे कडाक्याची थंडी, म्हणून अंगावर दाट दुहेरी केस. त्यांचे पूर्वज अंगानं चांगले मोठे होते आणि राखणीसारखी कामं करायचे. म्हणजे तेही कामकरीच. मग ते राजवाड्यात गेले. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी 1888 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी गेली असता तिला असे छोटे कुत्रे आवडले. त्यातला मार्को नावाचा तिचा कुत्रा फक्त 12 पौंडांचा होता, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. राणीला आवडलं म्हणजे सगळ्या श्रीमंतांना आवडलं. मग मुद्दाम लहान लहान कुत्रे निवडून त्यांची पैदास होऊ लागली. तीच गत ल्हासा आप्सोची. तो तिबेटातला, थंडीतला, मठांच्या आत राखण करणारा. आणि पेकिनीज तर चीनच्या बादशहाच्या महालातला.

ह्या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. त्या घरांत नोकर होते. राणी कुत्र्याला मांडीवर घ्यायची, पण अशा घरांत रोज केस विंचरणारे, आंघोळ घालणारे, घाण काढणारे हात वेगळे असायचे. हा कुत्रा घडवलाच गेला तो मुळी हाताशी माणसं असणाऱ्या घरांसाठी.

इंग्रजांबरोबर तसले कुत्रे आपल्या देशात आले. इथल्या हवेत तगतील असे त्यांचे वंश पुढे वाढले. आपण ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो, तो बहुतेक वेळा हा इथे रुळलेला 'इंडियन स्पिट्झ' असतो. 1994 साली 'हम आपके हैं कौन' सिनेमा आला. त्यातला टफी आठवतो ना? लग्न जुळवणारा, चिठ्ठी पोचवणारा पांढरा कुत्रा! तो ह्याच जातीचा. आमच्यातल्या कितीजणींनी तो सिनेमा भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला आणि पुढे किती पांढऱ्या पिल्लांची नावं टफी ठेवली गेली! पण त्या सिनेमातलं घरही नोकराचाकरांचंच होतं. कुत्रा आपल्या घरी आला, नोकर मात्र आला नाही. त्याच्या जागी कोण उभं राहिलं? घरातली बाई.

आता पाण्याकडे येऊ. महाडात बसून कुत्रा आणि पाणी हे दोन शब्द एका दमात उच्चारले की चवदार तळं आठवल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळानं 1923 साली मंजूर केला. महाड नगरपालिकेनंही 1924 साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तो कागदावर राहिला. ज्या तळ्यावर गुराढोरांना आणि कुत्र्यामांजरांना कुणी हटकत नव्हतं, तिथे माणसांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर कोर्टाचा निकाल लागायला 1937 साल उजाडलं.

तिथेही दोष पाणी पिणाऱ्या कुत्र्याचा नव्हता. दोष माणसांचा हिशेब मांडणाऱ्या माणसांचा होता. त्या इतिहासाशी आपल्या ताईंच्या बादलीची बरोबरी आम्ही करत नाही, तशी होऊच शकत नाही. पण महाडच्या मातीनं आपल्याला एक सवय लावली आहे. पाणी दिसलं की विचारायचं, ते कोणाला मिळतं आणि ते कोण वाहतं?

आपल्याकडे पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मे मध्ये वरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. ह्या ताईंच्या वाडीवरही तसंच. मुलानं फोनवर सांगून ठेवलेलं, दर रविवारी आंघोळ घाल, नाहीतर वास येतो. लांब केस भिजायलाच एक हंडा जातो, साबण धुवायला दुसरा. दोन हंड्यांची एक खेप, येऊन जाऊन वीस मिनिटं. मे महिन्यात शेजारीण म्हणाली, "आम्हांला प्यायला नाय आणि कुत्रं न्हातंय!" त्यावरून दोघींत अबोला झाला, तो अजून पुरता गेलेला नाही. हा खर्च कुठल्या वहीत लिहायचा?

तरी जेवढं लिहिता येईल तेवढं आम्ही गटाच्या वहीत लिहिलं. हा एका घरचा, एका वर्षाचा हिशेब आहे. तुमच्याकडे आकडे थोडे वेगळे येतील.

दुकानातलं कोरडं खाणं महिन्याला दोन किलो, 600 रुपये. अंडी 210 रुपये. गोचीड-पिसवांचं औषध 350 रुपये. साबण-शांपू 100 रुपये. महिन्याचे झाले 1260, वर्षाचे 15,120 रुपये. वर्षाच्या लसी 900 रुपये. डॉक्टरकडे न्यायला तीन वेळा गाडी, 600 रुपये. आणि आताचा गोचीड ताप, 3200 रुपये. एकूण 19,820 रुपये.

मुलगा महिन्याला 1000 रुपये पाठवतो, म्हणजे वर्षाचे 12,000. उरलेले 7820 रुपये ताईंच्या पदरचे. त्या गटात महिन्याला 100 रुपये बचत करतात. म्हणजे एका वर्षाच्या कुत्र्याच्या खर्चात त्यांची साडेसहा वर्षांची बचत गेली.

आता वेळेचा हिशेब. रोज केस विंचरायला पंधरा मिनिटं. त्याचं बिनतिखटाचं वेगळं शिजवायला वीस मिनिटं. महिन्याला चार आंघोळी, प्रत्येकी अर्धा तास, शिवाय पाण्याची खेप. सगळे मिळून महिन्याला जवळजवळ 21 तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर अडीच दिवसांहून जास्त. रोजगार हमीचा 2024-25 सालचा दर दिवसाला 297 रुपये होता. त्या दरानं महिन्याची मजुरी सुमारे 780 रुपये, वर्षाचे 9360. हे पैसे कुणी दिले नाहीत, कारण हे कुणी कामच धरलं नाही.

वही वाचून दाखवल्यावर ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी समजत होते, मला हिशेब जमत नाय म्हणून पैसे पुरत नायत." ते ऐकून मघाशी गलका करणाऱ्या बायकांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपल्या कितीजणींना असंच वाटत असतं!

खर्चाचा आणखी एक भाग आहे, तो जिवाशी आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी 1885 साली पहिल्यांदा एका मुलाला लस दिली. आपल्या देशात 1900 साली हिमालयात कसौलीला पाश्चर संस्था निघाली, तेव्हा लोकांना उपचारासाठी लांबलांबून तिथे जावं लागे. पुढे पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस आले, ते आपल्या आजी-काकींना आठवतात. आता ती इंजेक्शनं बंद झाली. आताची लस दंडावर घेतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. कुत्रा चावला किंवा ओरखडला, मग तो मांडीवरचा पांढरा टफी का असेना, जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच दवाखाना गाठा आणि सांगतील तेवढे सगळे डोस पुरे करा. मध्येच सोडू नका, कारण हा रोग एकदा उलटला की त्यावर इलाज नाही. कुत्र्यालाही वर्षाला एकदा लस टोचून घ्या. ही एक गोष्ट पैसे नाहीत म्हणून टाळायची नाही.

दुसरा आपल्याकडचा धोका लेप्टोचा. 22 जुलै 2021 चा दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. महाड पाण्याखाली गेलं, तळीये गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. पुराचं पाणी ओसरल्यावर लेप्टोची धास्ती असते. उंदरांच्या तशी कुत्र्यांच्या मुतातूनही त्याचे जंतू पसरू शकतात. कुत्र्याला दरवर्षी जी एकत्रित लस देतात, तीत लेप्टोवरची लस आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पाणी चढू लागलं, घर सोडायची वेळ आली, तर आधी माणसं, पण निघताना कुत्र्याची साखळी आणि गुरांची दावी सोडायला विसरू नका. बांधलेल्या जिवाला पोहताही येत नाही.

मग गटानं काय ठरवलं? कर्ज दिलं. जीव घरात आला आहे, तो आजारी आहे, त्याला मरू द्यायचं नाही, यावर शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. पण त्याच बैठकीतून मुलाला फोन लावला. गटाच्या सचिवांनी त्याला वहीतला हिशेब वाचून दाखवला, रुपयांचा आणि तासांचाही. तो आधी चिडला. "आईनं कधी सांगितलं नाही," म्हणाला. आजी फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "तू कधी विचारलंस?" पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. पुढच्या महिन्यापासून कर्जाचा हप्ता तो भरू लागला आणि पैसेही वाढवून पाठवू लागला. दिवाळीला आला तेव्हा ओटीवर बसून सुनेनं आणि त्यानं मिळून कुत्र्याचे केस विंचरले. एक तास लागला. आईनं चहा घेत नुसतं बघितलं.

पशुवैद्यकांना विचारून ताईंनी काही बदलही केले. दर रविवारची आंघोळ बंद केली, महिन्यातून एकदा पुरते. आंघोळीआधी कोरडेच केस विंचरायचे, कारण गाठी असताना भिजवले तर त्या अधिक घट्ट होतात. पावसाळ्यात अंग पुरतं कोरडं करायचं, नाहीतर आत बुरशी धरते. केस मुळापासून भादरायचे नाहीत, पण पोटाखालचे आणि पंजांचे कापून आखूड ठेवायचे. गुरांवर फवारायचं गोचिडाचं औषध आपल्या मनानं त्याच्या अंगावर घालायचं नाही, एवढ्याशा जिवाला ते बाधतं. खाण्यात कांदा आणि चॉकलेट अजिबात नाही. एवढ्यानं पाणी वाचलं, वेळ वाचला, आणि शेजारणीशी दोन शब्द पुन्हा सुरू झाले.

मैत्रिणींनो, उद्या तुमच्याही ओटीवर कुणी असं पांढरं पिल्लू आणून ठेवील. त्याला हाकलू नका. गावठी असो की विलायती, भुकेल्या जिवाला भाकरी देणारे हात आपलेच आहेत. पण ते पिल्लू पदरात घेण्याआधी वही काढा. आणणाऱ्याला समोर बसवा. खाणं कोणाचं, लस कोणाची, पाणी कोण वाहणार, रोज कोण विंचरणार, हे त्याच्यासमोर लिहा आणि त्याची सही घ्या. नात्यात सही कशाला, असं वाटेल. पण गटात आपण सख्ख्या बहिणीचीही सही घेतोच ना?

साताऱ्याच्या त्या भोयांना विचारायला कुणी नव्हतं. आपल्याजवळ गट आहे, वही आहे, आणि "पालखी उचलली कोणी?" असं विचारणाऱ्या आजी आहेत. पुढच्या बैठकीत आपापल्या घरचा असा एक न लिहिलेला खर्च आठवून या. आपण तो लिहू.